मनोरीतलं ६० गुंठे पडीक शेत: झाडं लावायच्या आधी चालून बघितलं त्याच्या नोंदी (जानेवारी ते जून २०२५)

आधी थोडक्यात. मित्राच्या काकांची मुंबईतल्या मनोरीला ६० गुंठे भातजमीन आहे, दहा-बारा वर्षं पडून. लावणीला माणसं मिळत नाहीत, मुलं बाहेर, तर काका म्हणाले इथे आपल्याकडच्या झाडांचं रान करू. मियावाकी (दाट रान लवकर उभं करायची जपानी पद्धत) करायचं ठरलं होतं, जेसीबीवाल्याला ३,००० ॲडव्हान्स पण देऊन झाला होता. मियावाकीत जमीन साधारण मीटरभर खोल उलटीपालटी करतात आणि चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावतात, म्हणजे खाली जे काही असेल त्याची एकदाच कायमची भेळ. मी कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडात शेताचं जंगल करायच्या आधी जमिनीत जुनं काही आहे का ते बघतात, वनीकरणाच्या त्यांच्या सरकारी नियमावलीतच ते आहे. म्हटलं आपण का नको. खाडी ओलांडून बोरिवलीत आलं की एकसरचे वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड) आहेत, त्यावर होड्यांची लढाई कोरलेली, मराठ्यांनी १७३७ ला ठाणं आणि १७३९ ला वसई घेईपर्यंत ही सगळी साष्टी पोर्तुगिजांकडे होती, त्यामुळे इथल्या शेतात काहीच नसेल असं कोण छातीठोक सांगणार.

आम्ही कोणी पुरातत्त्ववाले नाही. मी बँकेत, दोन मित्र, बायको, आणि कॉलेजात जाणारा भाचा. खणायचं नाही, उचलायचं नाही, फक्त चालायचं आणि फोटो काढायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून. (उत्खननाला सरकारी परवाना लागतो, उगाच हौस म्हणून कुदळ मारू नका.)

५ जानेवारी
मार्वेहून सकाळची फेरीबोट. शेतात पोचलो तर गवत गुडघ्याच्या वर. तरी चाललो, पाच जण ओळीने, दोन-दोन मीटर अंतर ठेवून. दोन तासात काय सापडलं तर एक चप्पल, क्वार्टरच्या बाटल्या, आणि बायकोच्या सलवारीला कुसळं. जमीनच दिसत नव्हती. सगळ्यात बेसिक गोष्ट, आणि आम्ही घरून निघताना कोणालाच सुचली नाही.

काका म्हणाले काडी लावतो, तासात साफ. नको म्हटलं, आगीने खापरं काळी पडतात आणि गारेचे (गारगोटीचे) दगड तडकतात, मग नंतर कशाने काय झालं ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात दोन माणसं दोन दिवस लावून गवत कापून घेतलं, ३,२०० गेले.

१२ जानेवारी
गवत गेल्यावर शेत पहिल्यांदा नीट दिसलं. तीन खाचरं, मधे बांध, उत्तरेला एक मुरमाड वरकस (भात न होणाऱ्या हलक्या जमिनीचा) उंचवटा, रस्त्याकडे सपाट भाग, कोपऱ्यात विहीर. आज फोनवरच्या जीपीएसने जे दिसेल त्यावर टिंब टाकत गेलो. घरी येऊन नकाशा उघडला तर चार टिंबं शेजारच्याच्या वाडीत आणि एक चक्क विहिरीत. फोनचं जीपीएस पाच-सात मीटर सहज इकडेतिकडे करतं. गाडी लावायला ठीक, खापर शोधायला नाही. आखा दिवस बाद.

१९ जानेवारी
ग्रिड टाकायचं ठरवलं. १० मीटरचे चौकोन. हे काकांना समजावताना मजा आली, मी मीटर-मीटर करतोय आणि ते म्हणाले, "अरे म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडतोयस ना?" बरोबरच आहे, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १० मीटर म्हणजे ३३ फुटाला जरासं कमी. तर ६० गुंठ्यांचे ६० चौकोन, आडव्या ओळी क ख ग घ च छ (ङ गाळला, भाच्याला लिहिता येत नाही), उभे १ ते १०.

काटकोन कसा काढायचा यावर अर्धा तास भांडलो. शेवटी शेजारी कंपाउंडचं काम करणारा गवंडी आला, म्हणाला तीन-चार-पाचचा गुण्या धरा. तीन मीटर इकडे, चार तिकडे, तिरकं पाच आलं की काटकोन. इंजिनिअर मित्र गप्प.

बांबूच्या खुंट्या ४५०, सुतळी ३६०, कापडी टेप २८०.

२६ जानेवारी
ग्रिड जुळेना. १०० मीटरची लांब बाजू एका टोकाकडून मोजली आणि दुसऱ्या टोकाकडून शेवटचा तुकडा ताडून बघितला तर पाऊण मीटरचा फरक. दोनदा मोजलं तरी तेच. मग मित्राने टेप हातात घेऊन बघितला तर सुरुवातीचे २० सेंटीमीटर तुटलेले, दुकानदाराने तिथेच लोखंडी कडी परत शिवून दिलेली, म्हणजे टेप शून्यापासून नाही २० पासून सुरू! ३० मीटरच्या टेपने १०० मीटर म्हणजे चारदा टेप लावायचा, दर वेळी २० चा खड्डा, चार गुणिले वीस ऐंशी. हिशोब लागला पण दोन रविवार गेले. नवीन ५० मीटरचा फायबर टेप आणला, ७५०. घेताना दुकानातच उलगडून शून्य बघा.

आणि सगळी मापं आता विहिरीचा कोपरा आणि विजेचा खांब या दोन पक्क्या जागांवरून घेतली. खुंट्या गुरं पाडतात, खांब नाही पाडत.

२ फेब्रुवारी
आज खरी सुरुवात. चौकोनाला पाच जण, प्रत्येकाची दोन मीटरची पट्टी. दिसलं की आईस्क्रीमची काडी रोवायची, चौकोन संपला की मोजायचं, शेजारी पट्टी ठेवून फोटो, काडी काढायची, वस्तू तिथेच. रिकाम्या चौकोनाचं पण "०" लिहायचं, हा भाच्याचा आग्रह आणि तो नंतर कामाला आला.

घ-४ मध्ये काळी माती, कोळसा, खाली लालसर भाजलेली जमीन, दोन बाय तीन मीटरचा डाग. आम्ही सगळे गुडघ्यावर. चूल? भट्टी? मित्राने तर "वस्ती" असं वहीत लिहून पण टाकलं. २२ फोटो.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या घरातली आजी रोज ओट्यावरून आमची गंमत बघायची. आज चहा घेऊन आली आणि विचारलं, पोरांनो तिथं काय वाकून वाकून बघता. मी काळ्या डागाचं सांगितलं. आजी इतकी हसली की पदर तोंडाला लावला. "अरे बाबा तो राब! तिथंच भाजायचो आम्ही दर वर्षी." शेण, पालापाचोळा, टहाळं रचून जाळायची आणि त्याच जागी भाताचं बी टाकायचं, कोकणात सगळीकडे करायचे. पन्नास वर्षं एकाच जागी राब भाजला तर जमीन लाल होणारच.

"वस्ती" खोडलं. मग तिथेच बसून आजीला तासभर विचारत बसलो, जे खरं तर ५ जानेवारीला करायला हवं होतं. प्रत्येक खाचराला नाव आहे, मधलं ते मोठं खाचर, विहिरीकडचं ते उंबराचं, उंबर आता नाही. विहीर तिच्या सासऱ्यांच्या आधीची. वरकसावर कधी नांगर फिरला नाही, नुसतं गवत आणि राबाचा पाला. रस्त्याकडच्या भागाचं विचारलं तर म्हणाली तिकडे पाणी साचायचं. मी लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. ही या सगळ्या नोंदींतली सगळ्यात मोठी चूक, पुढे बघा.

२३ फेब्रुवारी
आज लॉटरी (असं वाटलं). रस्त्याकडचे चौकोन, क-१ ते ख-३, तिथे काड्याच काड्या. जाड लाल खापरं, कौलांचे तुकडे, आणि चिनी मातीचे निळ्या-पांढऱ्या नक्षीचे तुकडे, एका चौकोनात ३१! आता कोकणच्या बंदरांत, चौल, संजाण अशा ठिकाणी चिनी आणि इराणी आखाताकडची भांडी सापडलेली आहेत हे मला माहीत होतं, थोडं वाचून गेलं की असंच होतं, डोकं आधीच तयार असतं. त्यात भाच्याला कौलाचा मोठा तुकडा मिळाला, त्यावर ठसठशीत १८६५. फोटो ग्रुपवर. काका फोन करून विचारतात, "सरकार जमीन घेणार का रे?"

काकांसाठी आणि तुमच्याकडच्या काकांसाठी पण: शेतात खापर सापडलं म्हणून जमीन जात नाही. शंभर मीटरची बांधकामबंदी वगैरे संरक्षित स्मारकाभोवती असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याखाली येते, विकायची किंवा देशाबाहेर पाठवायची असेल तर नियम आहेत. आणि पुरलेलं धन निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवा म्हणतो. दहा रुपयांत आता वडापावही येत नाही, म्हणजे जवळपास सगळंच कळवायचं असं धरून चाला.

९ मार्च
दोन आठवडे हवेत होतो. एका कॉलेजात पुरातत्त्व शिकवणाऱ्या मॅडमना ओळखीतून फोटो पाठवले होते, त्यांनी एकच विचारलं: तुकड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आहेत का? नव्हते. एकाही तुकड्याचा नव्हता.

आज गेलो आणि उलटे करून बघितले. मागे सिमेंट. एकाला नाही, हाताला येईल त्याला. राखाडी, खरखरीत, एकाच्या कडेला तर शेजारच्या पांढऱ्या तुकड्याचा कोपरा अजून चिकटलेला. निळ्या फुलाची अर्धी पाकळी आणि त्याच्या पाठीवर अर्धा इंच सिमेंट, हातात धरून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. चायना मोझॅक! मुंबईच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर असतं ते, फुटक्या कपबशा आणि टाइल्सचे तुकडे कोब्यावर बसवतात पाणी गळू नये म्हणून. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगवर पण आहे, लहानपणी त्यावर अनवाणी पतंग उडवलेत. म्हणजे कुठल्यातरी बिल्डिंगची गच्ची फोडून त्याचं राबिट डंपरने इथे आणून ओतलेलं.

घरी येऊन सॅटेलाइट नकाशात जुनी चित्रं मागे सरकवून बघितली. एका वर्षी रस्त्याकडचा भाग हिरवा, पुढच्या चित्रात पांढरा फट्टक. पंधरा मिनिटांचं काम. काकांना विचारलं तर म्हणाले हो हो, पाणी साचायचं म्हणून भराव घेतला होता, फुकट टाकून देत होते, तू विचारलंच नाहीस. आजीने पण तेच सांगितलं होतं की.

१८६५ चं पण तसंच. मंगलोरी कौलांवरचं ते साल म्हणजे बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नाही. पुढची कित्येक वर्षं तोच ठसा मारत होते. पेढेवाल्याच्या खोक्यावर असतं ना, स्थापना अमुक साली, पेढे त्या सालचे नसतात.

१६ मार्च
मूड नव्हता तरी गेलो. भरावाची हद्द पक्की केली. आजीने दाखवलं, रस्त्याकडचा बांध पूर्वी तिच्या कमरेएवढा होता, आता त्याचं फक्त डोकं दिसतं. म्हणजे भराव साधारण तीन फूट. एकूण १४ चौकोन. या १४ चा सगळा डेटा वेगळ्या पानावर काढला आणि वर मोठ्या अक्षरात "भराव" लिहिलं. फेकला नाही, कारण उद्या कोणी दुसरा येऊन हेच तुकडे बघून उड्या मारेल.

भराव काढल्यावर उरलेल्या ४६ चौकोनांत काय? बहुतेक शून्यं. विहिरीभोवतीच्या तीन चौकोनांत झिजलेली जाड खापरं, सगळी मिळून १९, घागरीची वाटतात, विहिरीवर शंभर-दीडशे वर्षं घागरी फुटत असतील तर एवढी निघणारच. शून्यांमुळेच विहिरीकडचा पुंजका उठून दिसला, भाच्याला आईस्क्रीम.

६ एप्रिल
जेसीबी कॅन्सल केला. ॲडव्हान्स परत मिळाला नाही, ३,००० पाण्यात. जमीन भेगाळलीये, कडक, उन्हात सगळं एकाच रंगाचं दिसतं. सकाळी नऊनंतर तर काहीच कळत नाही, सावली आखूड होत जाते ना. एप्रिल-मे मध्ये करू नका.

२५ मे
या वर्षी पावसाने सगळ्यांचीच वाट लावली, मेच्या विसाव्या तारखेनंतर नुसता झोडपतोय (दुसऱ्या दिवशी २६ ला मान्सून मुंबईत आलाच, इतका लवकर कधी आठवत नाही). खड्डे घ्यायचे राहिलेत, रोपं यायचीत, चिडचिड. तरी उघडीप बघून गेलो.

आणि वरकस उंचवटा ओळखू येईना. धूळ धुवून निघालेली, मुरमावर बारीक बारीक दगड पुसून ठेवल्यासारखे. फेब्रुवारीत छ-९ ला आम्ही "०" लिहिलेलं. आज बायकोने बसल्या बसल्या बोट दाखवलं, हे काय चमकतंय. नखाएवढं, मधाच्या रंगाचं, उजेडाला धरलं तर कडेला आरपार दिसतं. पाठीवर दोन सरळ कडा एकमेकींना समांतर. तिथेच पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो (शिकलो), परत होतं तसं ठेवलं. तासाभरात असे सात, छ-९ आणि छ-१० मध्ये मिळून.

म्हणजे खापरं आणि दगड बघायचे तर गवत कापून एक चांगला पाऊस पडू द्या आणि मग या. आम्ही पाच महिने कोरड्या धुळीत चालत होतो.

१ जून
मॅडम स्वतः आल्या, पावसात, छत्री घेऊन. सातपैकी तीन दगड त्यांनी लगेच बाजूला केले, आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत असली गार आपोआप तयार होते, फुटते, त्याला कोणी हात लावलेला असायची गरज नाही. उरलेल्या चारांवर त्यांनी दाखवलं ते असं: जिथे ठोका बसला तिथे छोटी सपाट जागा, त्याच्या लगेच खाली पोटावर एक फुगीर गाठ, बोट फिरवलं तर लागते, आणि तिथून पाण्यात दगड टाकल्यासारखी वलयं. आपोआप फुटलेल्या दगडात हे सगळं एकत्र सहसा येत नाही.

मुंबईला हे नवीन नाही म्हणाल्या. के. आर. यू. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात कांदिवलीला आणि या किनारपट्टीवर दगडी हत्यारं शोधली होती, बारीक हत्यारांवर, सूक्ष्मास्त्रांवर, त्यांचा लेख १९५० मध्ये छापून आला. मी लगेच विचारलं, मग हे हजारो वर्षांपूर्वीचं? त्या म्हणाल्या, "चार तुकड्यांवर मी काही बोलणार नाही. चकमक माहितीये?" काडेपेटी घरोघरी यायच्या आधी लोक गारेवर पोलाद मारून विस्तव करायचे, त्याचे पण कपचे उडतात. वरकसावर गुरं राखत बसलेला कोणी विडी पेटवत असेल. समांतर कडांचा तो पहिला तुकडा मात्र चकमकीचा वाटत नाही असं त्या जाता जाता म्हणाल्या, आणि परत, "पण लिहू नका तसं." लिहिलं. सॉरी मॅडम.

राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला फोटो, नकाशा आणि चौकोनांचा तक्ता जोडून पत्र दिलंय, फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्यात ऑफिस आहे, पोच घेतली.

१५ जून
लागवडीचा प्लॅन बदलून असा झाला. मियावाकी फक्त भरावातल्या दोन चौकोनांत, म्हणजे २०० चौरस मीटर, ६०० रोपं. तिथे खणून कुणाचं नुकसान नाही, उलट राबिट निघतंय ते बरंच आहे. पण मीटरभर नाही, अडीच फुटावर थांबायचं म्हणजे खालच्या मूळ खाचराला धक्का नाही. माणसांनी खणलं, सिमेंटची ढेकळं वेचली, शेणखत आणि भाताचा तूस मिसळला. खणताना अख्खा एक बेसिनचा तुकडा निघाला, त्यावर काडी रोवून फोटो काढला, सवय.

बाकी खाचरांत सुटी झाडं, चार-चार मीटरवर, पहारीने फूटभराचेच खड्डे. करंज, उंडी, भेंड, बकुळ, बहावा, विहिरीकडे आजीसाठी एक उंबर, पण खापरांचे तीन चौकोन सोडून. बांधावर काही नाही. वरकसावर पण काही नाही, तिथे गवतच राहणार, मुळं आत शिरली की ते बारीक दगड कुठल्या कुठे जातील. काका नाराज, उंचावरच वडाचा विचार होता त्यांचा. वड खालच्या बाजूला घेतला.

खर्च आत्तापर्यंत, रोपं आणि खत सोडून: ८,०४०, त्यातले जेसीबीचे ३,००० आणि पहिल्या टेपचे २८० नुसते वाया. चहा, फेरी, वडापाव धरलेले नाहीत. रविवार १४, त्यातले कमीत कमी सहा फुकट.

२२ जून
ग-६ मध्ये खड्डा घेताना फूटभराच्या आत एक खापर आलं, काळं, एका बाजूने घोटून गुळगुळीत केलेलं, विहिरीकडच्यासारखं नाही. मागे सिमेंट नाही (पहिलं तेच बघितलं). फोटो काढून, खोली मोजून तिथेच परत माती लोटली आणि करंज मीटरभर बाजूला सरकवला. मॅडमना पाठवलंय, उत्तर यायचंय. पावसाळा संपला की वरकसावरचं गवत कापून छ-९, छ-१० आणि शेजारचा च-१० परत चालणार, या वेळी पाऊस पडून गेल्यावर. नवरात्राच्या आसपास. ग-६ च्या आजूबाजूचे आठ चौकोन पण परत घ्यायचेत, तिथे आम्ही सगळीकडे शून्य लिहिलंय.